देवचंदच्या वाटचं घमेलं

"परदेशातून आला म्हनून काय पायाले मेंदी लागली का त्याच्या?"

झुंबरबाई ओट्यावर तूर पाखडत होती. बोलली ती सुपाकडे बघून, पण आवाज असा लावला की समोरच्या घरापासून विहाराच्या पायरीपर्यंत कुणाचा कान कोरडा राहू नये. तिचं बोलणं एका माणसापुरतं कधी नसायचंच.

बोलणं होतं समोरच्या चिंधावर. मस्कतला गवंडीकाम करून तो पाच वर्षांनी सुट्टीवर आला होता. आल्यापासून घरोघर फिरत होता. कुठे साबणाची वडी, कुठे अत्तराची बाटली, कुठे पोरांच्या हातावर चॉकलेट. यावलच्या केळीपट्ट्यातली ती एवढीशी बौद्धवाडी, फिरून व्हायला कितीसा वेळ लागतो? सगळी घरं झाली, झुंबरबाईचं राहिलं. आणि राहिलं तेही कुणाचं, तर ज्या चुलीवरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन तो वाढला तिचं. चिंधा रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. झुंबरबाईनं एका मांडीवर आपला देवचंद आणि दुसऱ्या मांडीवर चिंधा घेऊन दोघांना भरवलं होतं.

तिच्या घरी त्यानं बायकोला धाडलं. लिलाबाई पदराखाली साबण धरून आली आणि दारातच उभी राहिली.

"अक्का, यांनी देला तुमच्यासाठी."

झुंबरबाईनं वडी हातात घेतली, हुंगली आणि परत दिली. "वास बेस आहे. पन लिले, तुह्या नवऱ्यालेच लागंन तो. घेऊन जाय."

लिलाबाई आली तशी गेली. हे एक झालं. दुसरं याहून वाईट होतं.

चिंधा पक्कं घर बांधत होता. भिंती वर आल्या होत्या, स्लॅब टाकायचा होता, आणि त्यासाठी त्यानं भुसावळचा ठेकेदार आणला होता. मिक्सर मशीन वाडीच्या रस्त्यात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे परगावची माणसं, रोजावर आणलेली. या वाडीत असं कधी झालं नव्हतं. घर कुणाचंही असो, ते वाडीनं उभं करायचं. त्याला सावड म्हणायचे. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. दिवसभर दुसऱ्यांच्या केळीत आणि जिनिंगमध्ये रोजानं राबणारी ही माणसं, पण आपसात कुणी कुणाचा रोज धरत नसे. स्लॅबच्या आदल्या दिवशी घरधन्यानं रिकामं घमेलं घेऊन दारोदार जायचं आणि ते उंबऱ्यावर ठेवायचं. घरातल्या माणसानं ते उचलून त्याच्या हातात दिलं की समजायचं, हा येणार. भांडण असलं तरी घमेलं उचलायचं, भांडण दुसऱ्या दिवशी पुढे चालवायचं. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, बस्स.

"वाडीतल्या घराले भाड्याचे हात," झुंबरबाई म्हणाली. "उद्या मयताले बी भुसावळहून खांदेकरी आनशीन बापा."

हापश्यावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. पण झुंबरबाई हसण्यासाठी बोलत नव्हती. तिला पक्कं ठाऊक होतं की चिंधा सावड का मागत नाही. सावड मागायची म्हणजे प्रत्येक दारी घमेलं ठेवावं लागतं. आणि प्रत्येक दारात तिचंही दार आलं.

तिच्या दाराला तो का भितो, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तेवढं तिला त्याच्या तोंडून काढायचं होतं, कारण त्या एका गोष्टीवर तिच्या पोराचं नाव अडलं होतं.

*

देवचंद आणि चिंधा एकाच वर्षी गेले होते. त्या काळी पट्ट्यातली बरीच पोरं जात होती. कुणी फिरायच्या व्हिसावर जाऊन तिथेच दडून राहायचा, कुणी दुसऱ्याच्या पासपोर्टावर. देश कोणता का असेना, वाडी त्याला दुबईच म्हणायची. पण झुंबरबाईनं देवचंदला बजावलं होतं, चोरासारखं जायचं असंल तर जाऊ नको. शाळेत ती दोन इयत्ताच गेलेली, सही करायची तरी अक्षरं एकमेकांना धरून चालायची. तरी कागदाचा मान ती ओळखून होती. आपल्या माणसांना जे मिळालं ते कागदानं मिळालं, असं ती म्हणायची.

देवचंद कागदानं गेला. दहावी पास नव्हता म्हणून पासपोर्टावर वेगळा शिक्का बसला, त्यासाठी मुंबईच्या ऑफिसात फेऱ्या घालाव्या लागल्या, करारनामा तपासून घ्यावा लागला. जळगावच्या एजंटाकडे शेवटची सही करायला झुंबरबाई सोबत होती. एजंटानं दोघा पोरांना समोर बसवून नियम सांगितले.

"ज्याच्या नावाचा व्हिसा, त्याचंच काम. त्याला तिकडे अरबाब म्हणतात. तुमचा पासपोर्ट त्याच्याकडे राहील, तुमच्याकडे कार्ड राहील. कार्डावर ज्याचं नाव त्याच्याच कामावर दिसायचं. दुसऱ्याकडे काम करताना सापडलात तर शिक्का मारून थेट घरी, परत त्या देशात पाय नाही. आणि नुसते तुम्हीच नाही, ज्यानं तुम्हाला कामावर घेतलं त्यालाही दंड."

"दुसऱ्याचं काम म्हंजे मजुरीचंच ना?" झुंबरबाईनं विचारलं होतं.

एजंट हसला. "मावशी, मजुरीचंच. फुकट कोण करतं?"

सगळेच हसले होते. देवचंदही.

तीन वर्षांनी एका दुपारी तो एकटाच यष्टीतून उतरला. अंगावरच्या कपड्यांनिशी. पेटी नाही, पिशवी नाही, कमरेची गवंडीकामाची थापीसुद्धा नाही. ती पुरावा म्हणून ठेवून घेतली, एवढं तो बोलला. आणि विचारलं तर, "दुसऱ्याच्या कामावर सापडलो." बस. त्यापुढे बोलला नाही. झुंबरबाईनं डोकं धरलं, आकांडतांडव केलं, मी तुले कायद्यानं धाडलं व्हतं रे पोऱ्या, म्हणून चार दिवस घर डोक्यावर घेतलं. तो खाली मान घालून बट्टी कुस्करत राहिला.

वाडी मात्र गप्प बसत नसते. यावलचा एक टेलर मस्कतहून सुट्टीवर आला, त्याला लोकांनी विचारलं. तो म्हणाला, मी चिंधाला विचारलं होतं, देवचंदनं बाहेरचं काम धरलं होतं का, तर चिंधा हो म्हणाला. झालं. बाहेरचं काम म्हणजे दुहेरी मजुरी. सुट्टीचा शुक्रवार विकायचा आणि दोन्हीकडून खायचं. लोभ नडला, असं वाडीनं ठरवून टाकलं.

तरी देवचंद सावडीला जायचा. तोतारामच्या स्लॅबला तो घमेल्यांच्या रांगेत उभा होता, तेव्हा म्हातारा भिका विहाराच्या पायरीवरून ओरडला होता, "अरे देवचंदशेठले काहाले बलावलं? त्याचा भाव आपल्याले परवडंन का?"

रांग खदखदून हसली. देवचंदनं हातातलं घमेलं भरलेलंच खाली ठेवलं, हात धुतले आणि घरी आला. त्यानंतर दोन घरं झाली, पण त्याच्या उंबऱ्यावर घमेलं आलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असंही नाही. वगळलं गेलं, एवढंच. दुसऱ्या घराच्या स्लॅबला मिक्स कालवल्याचा आवाज दिवसभर येत राहिला आणि तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पुढच्या आठवड्यात तो धुळ्याला देवपुरात आपल्या आत्याकडे गेला. थापी पुन्हा हातात धरली नाही. एका वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसला. दोन वर्षं होत आली, दिवाळीलाही आला नव्हता.

*

स्लॅबला चार दिवस राहिले असताना झुंबरबाई उठली, पदर खोचला आणि चिंधाच्या दारात सळयांचा भारा पडला होता त्यावर जाऊन बसली.

ठेकेदाराचा माणूस धावत आला. "आजी, उठा, काम चालू आहे."

"तुह्यं काम चालू आहे, माह्यं अडलं आहे. मालकाले बलाव."

चिंधा बाहेर आला. उजळ शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि चेहरा पाणी न मिळालेल्या केळीच्या पानासारखा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. लोक जमायला लागले होते.

"अक्का, आत चाला."

आत म्हणजे घरात अजून काही नव्हतं. वर फळ्या ठोकलेल्या, त्यांना आधार दिलेल्या लाकडी बल्ल्यांचं जंगल, आणि त्यात दोघंही वाकून उभे. झुंबरबाईनं एका बल्लीला हात दिला.

"चिंधा, मी तुले घास भरवला तो काही मोजून ठेवला नही. पन एक इचारते. माह्या पोऱ्यानं खरंच मजुरीसाठी बाहेरचं काम धरलं व्हतं का?"

चिंधा वरच्या फळ्यांकडे बघत राहिला.

"मले डोळ्यात पाहून सांग. व्हतं तं व्हतं म्हन. मी उठून जाते. नव्हतं तं नव्हतं म्हन."

"नव्हतं," चिंधा म्हणाला. आणि मग बल्लीच्या बुंध्याशी उकिडवा बसला. ती उभीच राहिली.

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या अरबाबचा खजुराचा बाग होता, त्याच्या टोकाला दोन खोल्या आणि कुंपणाची भिंत बांधायची होती. अरबाबच्या पोराचं लग्न जवळ आलेलं. सोबतचा बंगाली गवंडी आजारी पडून दवाखान्यात गेला, चिंधा एकटा पडला. काम झालं नाही तर व्हिसा वाढवणार नाही, असं अरबाबनं बोलून दाखवलं. घरी लिलाबाईच्या पदरात लहानगं पोर होतं. बाजारात देवचंद भेटला, तेव्हा चिंधानं हे सगळं सांगितलं. मागितलं काही नाही, नुसतं सांगितलं.

"तो म्हने, शुक्रवारी मले सुट्टी आहे. सावड समज. म्या म्हटलं, देवा, कार्डाचा नियम आहे. तं तो हासला. म्हने, तो मजुरीचा नियम आहे, सावडीले कोन्त्या देशात नियम असतो?"

झुंबरबाईनं डोळे मिटले. एजंटाची खुर्ची, आपला प्रश्न, सगळ्यांचं हसणं तिला लख्ख आठवलं.

शुक्रवारी देवचंद आपली थापी घेऊन आला. दोघांनी सकाळपासून भिंत कमरेच्या वर नेली. गाणं म्हणत होता, चिंधा म्हणाला, वाडीत म्हणायचा तेच. दुपारी तपासणीची जीप आली. चिंधा बांधकामाच्या फळीवर, देवचंद खाली. दोघांची कार्डं मागितली. देवचंदच्या कार्डावर दुसऱ्याच अरबाबचं नाव. सोबतच्या मलबारी दुभाष्यानं विचारलं, इथे कसा? काय घेतलं? देवचंद म्हणाला, काही नाही. मग हा तुझा भाऊ आहे का? नाही. नातेवाईक? नाही. पैसे नाहीत, नातं नाही, मग उन्हात दुसऱ्याची भिंत का बांधतोस? दुभाष्या आपलंच डोकं खाजवत होता. सावड कशी सांगायची ते देवचंदलाही येईना.

"मंग त्यानं इचारलं, तुले अठी कोनं बलावलं? ज्याचं नाव सांगितलं असतं तो बी गेला असता. देवचंदनं माह्याकडं पाह्यलं बी नही, अक्का. तो म्हने, मले कोनी नही बलावलं. या मानसाले मी वयखत नही. काम दिसलं, उभा राह्यलो." चिंधानं बल्लीचा बुंधा धरला. "मंग दुभाष्यानं मले इचारलं, तू याले वयखतो का?"

"मंग?"

"म्या नुसती नही म्हनून मान हालवली."

बाहेर मिक्सर सुरू करून पाहत होते. ती दोनदा खोकली आणि बंद पडली.

"बरं," झुंबरबाई म्हणाली. "तठी मान हालवली. तठी अरबाब व्हता, जीप व्हती, लिलीच्या पदरात पोरगं व्हतं. मी असते तं काय केलं असतं कोन जाने. पन मंग टेलरनं इचारलं तवा? तवा कोन बसलं व्हतं तुह्या उरावर?"

"त्यानं इचारलं, बाहेरचं काम धरलं व्हतं का. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं, अक्का. बाहेरचंच व्हतं ते."

"अन् वाडीनं मजुरी धरली."

"मी बोललो नही तसं."

"तू बोलला नहीच. तुह्यं सगळं न बोलूनच झालं."

चिंधानं डोळे पुसले. म्हणाला, त्या देशात देवचंदला जाता येणार नाही, पण दुसरा देश पाहता येईल. कतारला माझी ओळख आहे. मी त्याच्यासाठी व्हिसा काढतो, कायद्याचा, पक्का. झुंबरबाई वाकून बल्ल्यांमधून बाहेर निघाली. जाता जाता एवढंच म्हणाली, "तुह्या व्हिश्याचं मी त्याले सांगते. पन वाडीले तू सांगायचं."

*

दुसऱ्या दिवशी पहाटेची यष्टी धरून ती धुळ्याला गेली. मांडीवर शिळ्या बट्ट्यांची पुरचुंडी होती. वाटेत पारोळ्याला चहा आला तरी तिनं घेतला नाही. तिला हसू येत होतं, आणि ते कुणी पाहू नये म्हणून ती खिडकीबाहेर बघत होती. तिचं पोरगं लोभी नव्हतं. तिनं वाढवलं तसंच निघालं होतं. आता फक्त जाऊन सांगायचं, ऊठ, घरी चाल.

पांझरेचा पूल ओलांडून ती देवपुरात नणंदेच्या, भिकुबाईच्या खोलीवर पोचली. भिकुबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "ये वहिनी, बस. तुन्हा लेक फाटकवरच शे. जेवस, झोपस, बोलस मात्र काहीच नही."

देवचंद वसतिगृहाच्या फाटकापाशी स्टुलावर बसला होता. आईला पाहून उठला, पाया पडला, स्टूल तिला दिलं. तिनं पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली आणि चिंधाची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पण नवं काही ऐकतोय असं त्याच्या तोंडावर नव्हतं.

"तू मले काहून नही सांगतलं रे?"

"सांगतलं असतं तं तू वाडीत सांगतलं असतं. चिंधाचं नाव गेलं असतं."

"अन् तुह्यं गेलं ते?"

तेवढ्यात समोरच्या गल्लीतून मोतीलाल म्हणून शेजारी ओरडला. दारात लोखंडी कपाट अडकलं होतं, दोघं माणसं झटत होती. "देवाभाऊ, जरा हात लाव ना."

झुंबरबाईनं पाहिलं, देवचंदचे खांदे आपोआप हलले. पाय अर्धा पुढे गेला. मग तो थांबला.

"काय देशीन?" त्यानं विचारलं.

मोतीलाल हसला. थट्टाच समजला. मग देवचंदच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू उतरलं. "राहू दे भाऊ," म्हणून तो आत गेला.

पोरगा घरी आला, थापीशिवाय आला, वाडीनं त्याला वगळलं, हे सगळं झुंबरबाईनं पचवलं होतं. त्यानं आत्ता विचारलेले ते दोन शब्द तिला पचेनात.

"असं कधीपासून रे बोलतो?"

देवचंद फाटकाचा कोयंडा हातानं हलवत राहिला. "माय, तठी मले परत परत इचारलं, काय घेतलं. मी परत परत सांगत राह्यलो, काही नही. त्याहिले खोटं वाटलं. तुरुंगात सोबतचे बी हासायचे, हा येडा फुकट भित बांधाले गेला म्हने. मंग अठी आलो तं आपल्याच मानसाहिनं म्हटलं, भाव काय. तवापासून मी खरंच भाव सांगतो. निदान कोनी खोटं तं म्हननार नही."

"चल घरी. चिंधा वाडीले सांगनार आहे. भिका बी पाया पडीन, मी पाडते त्याले."

"नको."

"कतारचा व्हिसा काढून देतो म्हने. कायद्याचा."

"कायद्यानंच गेलो व्हतो ना, माय." तो हसला, आणि ते हसू पाहण्यापेक्षा तो रडला असता तर बरं, असं तिला वाटलं. "चिंधाले म्हन, माह्यं काही नही तुह्याकडं. सुखानं राह्य. मी अठीच बरा. अठी कोनी सावड मागत नही."

तिनं बरंच बोलून पाहिलं. शिव्या दिल्या, मेलेल्या बापाची आठवण काढली. तो ऐकत राहिला, जसा परत आल्यावर बट्टी कुस्करत ऐकत होता. संध्याकाळी त्यानंच तिला यष्टीत बसवलं, खिडकीतून शेंगदाण्याची पुडी दिली. गाडी सुटली तेव्हा तो स्टँडवर उभा होता आणि शेजारून जाणाऱ्या एका म्हातारीचा पाय घसरून तिचं बोचकं पडलं. झुंबरबाईनं मान वळवून वळवून पाहिलं. तो वाकला नाही.

*

चिंधानं शब्द पाळला, हे सांगायला हवं. स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यानं ठेकेदाराला माघारी धाडलं. मिक्सर ट्रॅक्टरमागे बांधून गेली. मग तो विहाराच्या पायरीपुढे उभा राहिला आणि जमलेल्या सगळ्यांपुढे, लिलाबाईपुढे, म्हाताऱ्या भिकापुढे, जसं झालं तसं बोलला. शेवटी मान कशी हलवली तेही करून दाखवलं. भिका काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत बसला, मग उठून घरी गेला, आणि त्या दिवसापासून पायरीवर बसून त्यानं कुणाची थट्टा केलेली कुणाला आठवत नाही.

नंतर चिंधा घमेलं घेऊन निघाला. प्रत्येक उंबऱ्यावर ठेवत गेला. लोकांनी उचललं; रीत होती, आणि भांडण दुसऱ्या दिवशी असतं. झुंबरबाई ओट्यावर बसून पाहत होती. एकेक दार करत तो तिच्याकडे येत होता आणि मागे वाडी गोळा होत होती.

शेवटी तो तिच्या उंबऱ्यापाशी आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. घमेलं खाली ठेवलं आणि तिथेच बसला.

"अक्का, देवचंद येनार का?"

"नही येनार."

"मी जातो धुळ्याले. पाय धरतो त्याचे."

"त्यानं निरोप देला आहे. म्हने, चिंधाकडं माह्यं काही नही, त्यानं सुखानं राहावं."

चिंधाच्या तोंडून एक आवाज निघाला. लिलाबाईनं पोराला छातीशी ओढलं. उंबऱ्यावरचं घमेलं तसंच पडून होतं, उन्हानं आतून चमकत. उचलायला घरात माणूस नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. लोक झुंबरबाईच्या तोंडाकडे बघत होते. ती आता काय काय बोलेल याची वाट बघत होते. तिनं नेहमीसारखा आवाज चढवला नाही. एवढी वर्षं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी बाई त्या दिवशी एका माणसापुरतं बोलली, आणि म्हणूनच वाडीनं श्वास धरून ऐकलं.

"ऐक चिंधा. माफ करनं त्याचं काम व्हतं, ते त्यानं केलं. माह्यं नही ते. सावड फेडाची असते, अन् फेडाले समोर मानूस लागतो. तू तो मानूसच खर्चून आला. तठी एकदा मान हालवून, अन् अठी तोंड मिटून. माह्या पोऱ्यानं परवा पडलेलं बोचकं उचललं नही रे. माह्या देवचंदनं. तुह्या कतारनं ते भरून येत नही. मी तुले शाप देनार नही, तू माह्या मांडीवरचा आहे. घर बांध, लेकरं मोठी कर. पन परत तिकडं जायचं नही. अठी राहायचं. या वाडीत ज्याचं घर उभं राहीन, तठी तू दोन खेपा करायच्या, एक तुही अन् एक देवचंदच्या वाटची. कोनी इचारलं, दुसरी कोनाची, तं त्याचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. तुह्या केसाले पांढरं लागलं तरी, अन् मी मेल्यावर बी. आता उचल ते घमेलं. माह्या घरात उचलाले कोनी नही."